मे महिन्यात, उघड्या मांडवात टक्सिडो घालायचा तर

प्रश्न वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका नवरदेवाचा आहे. लग्न मेच्या तिसऱ्या आठवड्यात, गावातच. घराला लागून असलेल्या वावरात मांडव पडणार. गोरज मुहूर्त, मग जेवणं, मग तिथंच स्टेजवर रिसेप्शन. पोराला काळा टक्सिडो, म्हणजे साटीनच्या कॉलरचा कोट, पँट आणि बो-टाय असा पोशाख, घालायचाय. वडील म्हणतात, "एवढ्या तपनात कोट कायले पाह्यजे?" तेव्हा त्याचं विचारणं असं, की टक्सिडो घालावा का, घालायचा तर कापड कोणतं, आणि शिवून घ्यावा, रेडीमेड घ्यावा की नागपूरहून भाड्यानं आणावा.

मी तालुक्याच्या गावात कोट-सूट शिवतो. उन्हाळ्याची लग्नसराई हाच आमचा हंगाम, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी घेऊन येतंच. माझं उत्तर एवढंच, की घाला, बिनधास्त घाला. पण सूर्य बुडाल्यावर घाला, आणि पैसा वरच्या चमकीवर न लावता कापडावर आणि अस्तरावर लावा. ही दोन पथ्यं पाळायची नसतील तर वडिलांचं ऐका.

आधी वेळेचं. टक्सिडो हा मुळातच रात्रीच्या जेवणाचा कपडा. १८६५ साली लंडनच्या हेन्री पूल या शिवणाऱ्या पेढीनं इंग्लंडच्या युवराजाला घरगुती जेवणासाठी एक आखूड कोट करून दिला, आणि पुढं १८८६ च्या सुमारास ती पद्धत अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये गेली. संध्याकाळी सहाच्या आधी हा कोट अंगावर चढवायचा नाही, हा त्यांचा रिवाज. साहेबांचे सगळेच रिवाज आपण पाळावेत असं काही नाही, पण हा मात्र आपल्या उन्हाळ्याला नेमका सोयीचा पडतो. मेच्या मध्याला आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो आणि गोरज मुहूर्त त्याच्याच आगेमागे असतो. म्हणजे वरात निघते तेव्हा ऊन अजून तोंडावर असतं. त्या वेळी काळा कोट घालून घोड्यावर बसणं म्हणजे नवरदेवाला मांडवात पोचायच्या आधीच चक्कर.

म्हणून वरात, मंगलाष्टकं आणि विधी हे सगळं धोतर किंवा सुती कुर्त्यात उरकायचं, आणि पंगती सुरू झाल्या की घरात जाऊन, अंग पुसून, दहा मिनिटं पंख्याखाली बसून टक्सिडो चढवायचा. हे मी नुसतं उन्हापायी सांगत नाही. पाटावर मांडी घालून बसलं की पँटची सीट आणि गुडघा ताणला जातो, आणि स्टेजवर उभं राहायच्या आधीच पँटचा आकार गेलेला असतो. होमाची एखादी ठिणगी पॉलिएस्टरवर पडली तर काठावर कडक गाठ आलेलं बारीक भोक पडतं, ते रफू होत नाही. हळदी-कुंकवात रंगवलेल्या अक्षता घामानं ओल्या खांद्यावर पडल्या की रंग सोडतात. आणि झेंडूचा जाड हार साटीनच्या कॉलरवर घासला गेला की तिथले धागे उभे राहतात, वर पिवळे ठिपके पडतात ते वेगळेच. विधींना विधींचा कपडा असू द्या.

आता आपली गरमी कशी असते ते लक्षात घ्या, कारण कापडाची सगळी निवड त्यावर आहे. मे महिन्यात वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर पट्ट्यात पारा ४४-४५ ला टेकतो, पण हवा कोरडी असते. मुंबईसारखी चिकचिक नसते. कोरड्या हवेत घाम झटकन उडतो आणि उडताना अंग थंड करतो. फक्त त्याला उडायला वाट पाहिजे. म्हणजे कापड पातळ असून भागत नाही, त्यातून हवा आरपार गेली पाहिजे. पातळ पण दाट विणीचं पॉलिएस्टर हे जाड पण मोकळ्या विणीच्या लोकरीपेक्षा जास्त उकडतं. गिऱ्हाइकाला हे पटवायला वेळ लागतो, कारण लोकर म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर स्वेटर येतो.

दुकानात तुमच्यापुढं बहुतेक वेळा टीआर टाकतील, म्हणजे पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचं (रेयॉनचं) कापड. स्वस्त, चुरगळत नाही, रंग गडद. ट्यूबलाइटखाली सुंदर दिसतं. पण पॉलिएस्टर पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे घाम आतल्या आत राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत बाष्प ओढून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून मागायचं ते ट्रॉपिकल वूल, मीटरला २२० ते २५० ग्रॅम वजनाचं, साध्या मोकळ्या विणीचं. जास्त पीळ दिलेल्या सुताचं मिळालं तर फारच छान, कारण ते चुरगळलं तरी टांगून ठेवलं की आपोआप सरळ होतं. सुपर १०० किंवा १२० भरपूर झालं. सुपर १५० च्या मागं लागू नका. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे, टिकाऊपणाचा नाही, आणि वावरातल्या मांडवात मखरात बसणारं कापड काय कामाचं? बजेट बसत नसेल तर टेरीवूल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेली लोकर घ्या, ज्यात लोकर निम्म्याच्या आसपास आहे असं. लिननचा टक्सिडो मला व्यक्तिशः आवडत नाही. हवा जाते हे खरं, पण स्टेजवर दोन तास ऊठबस केल्यावर कोपराला आणि मांडीला ज्या सुरकुत्या पडतात त्या फोटोत आयुष्यभर राहतात. मखमलीचं तर नावच काढू नका. भाड्याच्या दुकानांत सगळ्यात पुढं मखमलीचे आणि टिकल्यांचे कोटच टांगलेले असतात. ते डिसेंबरच्या लग्नाचे.

कापड ओळखायची रीत सोपी आहे. तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडं हाताला वारा लागला पाहिजे. मग काठाचा एक धागा मागून घ्या आणि काडीनं पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटानं चुरली तर लोकर. वितळून काळी कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. कागदासारखा भुरकन जळाला तर सुती किंवा व्हिस्कोस. मिसळीच्या कापडात दोन्ही खुणा दिसतात. दुकानदार नाराज होत असेल तर होऊ द्या, पैसे तुमचे जाणार आहेत. दोन कपड्यांच्या सूटला ५८ इंच पन्ह्याचं सव्वातीन मीटर लागतं, उंच माणसाला साडेतीन.

आता अस्तर. सगळे फसतात ते इथंच, म्हणून जरा थांबून सांगतो. भारीतलं लोकरी कापड घेतलं आणि आत टफेट्याचं अस्तर लावलं, तर लोकरीचे पैसे वाया. टफेटा म्हणजे पॉलिएस्टरच. पाठीवर खालपासून वरपर्यंत तो लागला की अंग आणि लोकर यांच्यामध्ये पडदा पडला. गिऱ्हाईक कापड निवडायला तास घालवतं आणि अस्तराचं विचारलं की "टाका जी कोणतंही, मॅचिंग पाहून" म्हणतं. तसं म्हणू नका. व्हिस्कोसचं अस्तर मागा, आणि नागपूरला गांधीबाग-इतवारीकडं जाणं होणार असेल तर क्युप्रोचं शोधा. बेंबर्ग नावानं मिळतं ते हेच. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी बारीक लव उरते, तिच्यापासून हे बनतं. ज्यांच्या घरी कपाशीच्या गंज्या लागतात त्यांना तरी याचं मोल सांगायला नको. रेशमासारखं सुळसुळतं, पण घाम पितं.

आणि अस्तर पूर्ण लावूच नका. अर्धं अस्तर सांगा. पाठीला फक्त खांद्यापासून हातभर खाली, पुढच्या भागाला पूर्ण, बाह्यांना पूर्ण. बाहीत अस्तर नसेल तर शर्टाची बाही अडकून कोट चढत नाही, म्हणून ते वाचवायचं नाही. पाठीचा खालचा भाग मोकळा. यात शिंप्याचं काम कमी होत नाही, उलट वाढतं, कारण आतले सगळे दाब, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, उघडे दिसतात आणि प्रत्येकाला पट्टी लावून बंद करावं लागतं. त्यामुळे काही कारागीर "अर्धं अस्तर चांगलं नाही दिसत" म्हणून टाळतात. शिलाई थोडी जास्त द्या, पण करून घ्या. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, वर, काखेजवळ ठेवायला सांगा. खालचा मुंढा सैल वाटतो खरा, पण हात वर केला की सगळा कोट वर येतो, आणि स्टेजवर नवरदेवाचं काम म्हणजे हात जोडणं आणि मिठ्या मारणंच तर आहे. काखेत सुती घामपट्टी लावून घ्या.

छातीच्या आतल्या थराबद्दल थोडक्यात. स्वस्त कोटात कापडाच्या मागं फ्यूजिंग चिकटवलेलं असतं. वारंवार ड्रायक्लीन आणि गरम इस्त्री झाली की ते सुटतं आणि छातीवर बारीक फुगे येतात. भाड्याच्या कोटात हे हटकून तपासा. कोट उजेडात तिरपा धरला की फुगे दिसतात. चांगल्या कोटात छाती आणि कॉलरपुरता शिवलेला कॅनव्हास असतो. बटणाच्या थोडं वर कापड आणि आतली बाजू चिमटीत धरून वेगळी करून पाहा. मधे तिसरा सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे.

रंगाचं सांगायचं तर काळ्यापेक्षा गडद निळा घ्या, ज्याला दुकानात मिडनाइट ब्लू म्हणतात. स्वस्त काळं कापड व्हिडिओवाल्याच्या प्रखर लाइटात हिरवट नाहीतर तपकिरी मारतं, आणि काळ्यावर काळी कॉलर फोटोत दिसतच नाही. गडद निळा रात्री काळ्याहून काळा दिसतो. दुसरा पर्याय मोतिया रंगाच्या कोटाचा, खाली काळी पँट. गरम मुलखातल्या संध्याकाळी हाच कोट घालायची चाल १९३० च्या दशकात पडली, आणि त्याची कॉलर साटीनची नसते, त्याच कापडाची असते. आपल्याकडं बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरदेव पांढऱ्यातच असतो, तिथं हा कोट शोभून दिसतो आणि कपडे बदलायचीही गरज नाही, कारण होम नाही. पण मोतिया म्हणजे मोतियाच, ट्यूबलाइटसारखा पांढरा नको. आणि वावरातली धूळ, अवकाळीच्या आधीची वावटळ, करवल्यांचे हळदीचे हात, हे सगळं धरून चाला. हळद लागलीच तर साबण लावू नका, डाग लाल होतो. सुकू द्या आणि नंतर ड्रायक्लीनवाल्याला हळदच आहे म्हणून सांगा. उन्हानं हळद बरीच उडते, हे साडी धुणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे.

घाटाला चार नियम आहेत, त्यात फार डोकं चालवू नका. कॉलर शॉल (सलग गोल) किंवा पीक (टोकं वर गेलेली), साध्या सूटची खाच असलेली नॉच नाही. बटण एकच, कॉलरच्याच कापडानं मढवलेलं. पँटच्या बाहेरच्या शिवणीवर साटीनची एक पट्टी. पट्ट्याच्या लुपा नाहीत, बाजूला ॲडजस्टर किंवा आतून गॅलिस. पाठीला खाली काप (उभी चीर) नसावा असं शास्त्र सांगतं, पण नवरदेव तासभर सोफ्यावर बसणार असतो, तेव्हा मी दोन्ही बाजूंना काप देतो. त्यातून थोडा वाराही शिरतो. साटीन फार चकाकणारं नको. मांडवातल्या मोठ्या कूलरचे तुषार साटीनवर पडले की पाण्याचे गोल डाग उमटतात. बारीक रेघा असलेलं ग्रोग्रेन त्यामानानं सोशिक, मिळालं तर तेच लावा. आणि कूलर स्टेजच्या बाजूला, तोंड थोडं वर करून ठेवायला मांडववाल्याला आधीच सांगून ठेवा.

वेस्टकोट घालू नका. तिसरा थर कशाला? कमरबंद, म्हणजे कमरेचा रुंद चुणीदार पट्टा, बांधा, चुण्यांची तोंडं वर. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अफसरांनी वेस्टकोट टाकून कमरेला पट्टा गुंडाळायला सुरुवात केली ती इथल्या उकाड्यापायीच. त्यासाठी पँट कमरेवर, बेंबीच्या जवळ बसली पाहिजे. हल्लीच्या पोरांना पँट ढुंगणावर लागते, मग बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण डोकावतो आणि सगळ्या पोशाखाची कळा जाते.

मापाबद्दल एक गोष्ट विदर्भातल्या नवरदेवांनाच सांगायची आहे. साक्षगंध (साखरपुडा) झालं की गडगनेरं, म्हणजे केळवणं, सुरू होतात. आज मामाकडं, उद्या आत्याकडं, परवा मित्राच्या सासरी. पुरणपोळी, तूप, वडा-भात. मार्चमध्ये घेतलेलं माप मेमध्ये कमरेला हमखास कमी पडतं. म्हणून शिंप्याला सांगा, पँटच्या मागच्या शिवणीत दोन इंच आणि कोटाच्या बाजूला इंचभर दाब ठेवा. रेडीमेडमध्ये हा दाब बहुधा नसतोच, कोट आतून उलटून पाहा. कंबर, बाहीची लांबी, पँटची मोहरी हे सगळं नंतर दुरुस्त होतं. खांदा होत नाही. खांद्याची शिवण तुमच्या हाडाच्या टोकावर पडली पाहिजे. पुढं गेली असेल तर तो कोट कितीही स्वस्त मिळो, ठेवून द्या. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा.

आता मूळ प्रश्न, शिवावा की घ्यावा. एकाच रात्रीसाठी हवा असेल, अंगकाठी सरळ असेल, तर भाड्यानं आणायला हरकत नाही. पण आठवडाभर आधी प्रत्यक्ष जाऊन तोच कोट घालून पाहा, त्याच्यावर तुमची चिठ्ठी लावून घ्या, काख आणि कॉलर हुंगा, आणि डागाचे पैसे अनामतीतून किती कापतात ते लिहून घ्या. मेमध्ये एकाच तारखेला पंचवीस लग्नं असतात. "तसाच दुसरा देतो" या वाक्यावर मुहूर्त सोडू नका. अडचण एवढीच, की भाड्याचा कोट जवळपास नेहमी पॉलिएस्टरचा आणि पूर्ण अस्तराचा असतो. रेडीमेडमध्येही तेच पाहून घ्यावं लागतं. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या होलसेल मार्केटात किंवा नागपूरच्या सीताबर्डीवर भरपूर माल आहे, पण अर्धं अस्तर मागितलं तर दुकानातला पोरगा तोंडाकडं पाहतो.

तुमच्या बाबतीत मी शिवूनच घ्या म्हणेन, कारण शिवलेल्याच कोटात आतलं सगळं तुमच्या हातात राहतं. फक्त असा शिंपी धरा ज्यानं कोट शिवलेत. शर्ट-पँटचा हातखंडा असलेला प्रत्येक जण कोट करतोच असं नाही. त्याच्याकडचा शिवून ठेवलेला एखादा कोट मागून बाहीचा घेर पाहा. बाही खांद्याला जोडली तिथं झोळ नसेल तर माणूस कामाचा. कापड मार्चच्या सुरुवातीला द्या, कारण अक्षय तृतीया आली की आमच्याकडं श्वास घ्यायला सवड नसते. कच्च्या शिलाईवर एक ट्रायल, पक्क्यावर एक, दोन्ही वेळा लग्नातलाच शर्ट आणि बूट घालून. शेवटचं फिटिंग लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणजे बहुतेक गडगनेरं उरकलेली असतात.

शर्ट पांढरा, सुती, पातळ पॉपलीनचा, पुढून साधा. छातीवर जाड चुण्यांचा घ्याल तर तोच बनियनसारखा उकडेल. बो-टाय बांधायचा, क्लिपचा नको. बांधता येत नसेल तर आठवडाभर आरशापुढं सराव करा. बूट काळे, लेसचे, साधे पॉलिश केलेले. चकचकीत पेटंटचे घेऊ नका, काळ्या मातीच्या भेगाडातून दोन पावलं टाकली की ओरखडतात. मोजे सुती. दोन शर्ट घेऊन ठेवा, कारण कोट कितीही चांगला असला तरी पहिला शर्ट रात्री नऊपर्यंत भिजणार, आणि दुसरा घातला की तुम्ही पुन्हा ताजे.

राहता राहिले वडील. त्यांना सांगा की विधी धोतरातच होणार आहेत, पाव्हणे जेवायला बसतील तेव्हा कोट चढेल. बाबासाहेबांचा सूट पाहत वाढलेल्या आपल्या खेड्यांना कोटाचं अप्रूप किंवा वावडं कधीच नव्हतं. वडिलांचा आक्षेप तपनाला आहे, कोटाला नाही. त्यांच्यासाठी त्याच गडद निळ्या कापडातलं एक बिनबाह्यांचं जाकीट शिवून घ्या. पाऊण-एक मीटर लागेल. तुमच्या सूटच्या कापडाबरोबरच ते घ्या, नंतर त्या रंगाचा तागा तोच मिळेल याची खात्री नसते.